पार्टी डायरेक्ट आलीये

ज्याला दुसरं काही जमत नाही त्याला इस्टेट एजंट होता येतं, असा आपल्याकडे पक्का समज आहे. समज खरा आहे. होता येतं. फक्त नंतर राहता येत नाही.

होण्याची पद्धत सोपी. व्हिजिटिंग कार्ड छापायचं. त्यावर एका उंच इमारतीचं चित्र टाकायचं, जिच्याशी आपला काडीचा संबंध नाही आणि जी बहुधा दुबईत आहे. नावाखाली ‘प्रॉपर्टी कन्सल्टंट’. व्हॉट्सअ‍ॅपच्या डीपीत कोट घालून हाताची घडी. झेरॉक्सच्या दुकानात अर्धं टेबल भाड्यानं घ्यायचं आणि काचेवर लिहायचं: फ्लॅट, प्लॉट, शेती, दुकान, भाड्याने, खरेदी-विक्री. त्याच्या खाली दुकानदारानं आधीच लिहून ठेवलेलं असतं: पॅन कार्ड व पासपोर्ट फोटो दहा मिनिटांत. दोन्ही धंद्यांपैकी भाडं कुठला देतो हे तिसऱ्या महिन्यात कळतं.

आपला होतकरू पुण्याच्या पश्चिमेचा. वाकड, ताथवडे, पुनावळे, रावेत, मारुंजी हा त्याचा इलाखा. त्याला या धंद्यात आणलं त्याच्या मेहुण्यानं. मेहुण्याचं गणित कागदावर होतं: ऐंशी लाखांचा फ्लॅट, दोन टक्के, झाले १ लाख ६० हजार. ‘महिन्याला एक डील म्हटलं तरी…’ या ‘म्हटलं तरी’वर पिंपरी-चिंचवडमधल्या हजारो तरुणांनी नोकऱ्या सोडल्या असतील. मेहुण्यानं स्वतः सोडली नाही. तो अजून कंपनीत आहे, पीएफ कापला जातो आणि रविवारी येऊन विचारतो, ‘काय, झालं का एखादं?’

धंद्यात उतरल्यावर पहिल्याच आठवड्यात होतकरूला कळतं की आपण सोडून सगळेच एजंट आहेत. वॉचमन एजंट आहे. कुठला फ्लॅट रिकामा होणार हे मालकाच्या आधी त्याला कळतं, कारण भाडेकरूनं सामानाच्या टेम्पोवाल्याचा नंबर त्याच्याकडेच मागितलेला असतो. इस्त्रीवाला एजंट आहे. पोळ्या करणाऱ्या मावशींकडे तर तीन इमारतींची बित्तंबातमी असते: कोण घर बदलतंय, कोण परदेशी चाललंय, कोणाचं पटत नाहीये म्हणून लवकरच दोन घरं लागतील. सोसायटीचे सेक्रेटरी पैसे घेत नाहीत. ते फक्त ‘आमच्या भाच्याकडून करून घ्या’ एवढंच म्हणतात.

आणि यातलं कुणी कायदा मोडत नाही, हे विशेष. रेरा, म्हणजे घरबांधणी व्यवसायाचं नियमन करणारा कायदा, २०१६ चा. १ मे २०१७ पासून एजंटाला नोंदणी लागू झाली, म्हणजे महाराष्ट्र दिन आणि कामगार दिन दोन्ही साधून. पण ती लागते बिल्डरच्या नोंदणीकृत प्रकल्पातलं घर विकायला. भाड्यानं घर लावून द्यायला किंवा कुणा काकांचा जुना फ्लॅट रिसेलला काढायला रेराचा नंबर लागत नाही. म्हणजे होतकरू जिथून सुरुवात करतो त्या भाड्याच्या धंद्याला उंबरठाच नाही, कुणीही चपलांसकट आत.

नव्या प्रकल्पांत शिरायचं, तर मात्र परीक्षा आहे. रेराच्या राज्यातल्या प्राधिकरणानं, म्हणजे महारेरानं, २०२३ मध्ये ती आणली. आधी वीस तासांचं प्रशिक्षण, मग ऑनलाइन पेपर, शंभरपैकी चाळीस मिळाले की पास. परीक्षा घेते आयबीपीएस. ज्या पोरांनी आयबीपीएसचे फॉर्म भरून भरून अखेर बँकेचा नाद सोडला आणि ‘आता धंदाच करू’ म्हटलं, त्यांची परीक्षा पुन्हा आयबीपीएसच घेते. पाठलाग म्हणावा तर असा.

परीक्षेत चटई क्षेत्र विचारतात, विक्री करार विचारतात, कलमं विचारतात. जे विचारायला हवं ते विचारत नाहीत. प्रश्न असा हवा: पार्टीनं चार फ्लॅट पाहिले, चहा घेतला, ‘संध्याकाळी कळवतो’ म्हणाली आणि आता फोन उचलत नाही. तुम्ही काय कराल? (अ) पुन्हा फोन कराल. (ब) बायकोच्या नंबरवरून फोन कराल. (क) बिल्डिंगखाली जाऊन ‘सहज आलो होतो’ म्हणाल. (ड) वरील सर्व. उत्तर ‘ड’ आहे आणि त्यानंही काही होत नाही.

परीक्षा पास झालात की नोंदणी. एकट्या माणसाला दहा हजार रुपये, कंपनी किंवा भागीदारी असेल तर एक लाख, पाच वर्षांसाठी. नंबर मिळतो. तो प्रत्येक जाहिरातीत छापायचा. नंबर नसताना प्रकल्पातलं घर विकलंत तर दंड दिवसाला दहा हजार, आणि तो वाढत वाढत घराच्या किमतीच्या पाच टक्क्यांपर्यंत. कमिशन दोन टक्के, दंड पाच टक्क्यांपर्यंत. हे त्रैराशिक ज्याला कळत नाही त्यानं या धंद्यात येऊ नये, आणि ज्याला कळतं तो शक्यतो येत नाही. २०२४ मध्ये महारेरानं परीक्षेचं प्रमाणपत्र सादर न केलेल्या सुमारे वीस हजार एजंटांची नोंदणी स्थगित केली. त्यातल्या अनेकांना, माझा अंदाज, आपली नोंदणी चालू होती हेच ठाऊक नसेल.

कायद्यावर माझा राग नाही. उलट हा कायदा यायच्या आधी ‘सुपर बिल्टअप’ नावाचं जे काही विकलं जायचं त्यात जिना, लिफ्ट, लॉबी आणि बिल्डरच्या मनाचा मोठेपणा हे सगळं चौरस फुटांत मोजलेलं असायचं. आता चटई क्षेत्र सांगावं लागतं, तेही चौरस मीटरमध्ये. इथे होतकरूचं पहिलं शिक्षण होतं. पार्टी विचारते, ‘साठ मीटर म्हणजे किती फूट?’ आणि हा मोबाइल काढतो. गुणिले १०.७६४. सुमारे ६४६. तेवढ्या वेळात पार्टीचा विश्वास ६४६ वरून शून्यावर आलेला असतो. पाठ करावं हे. गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट, एकर म्हणजे चाळीस गुंठे, हेही. आपल्याकडच्या सासऱ्यांना जमिनीचा हिशेब गुंठ्यातच कळतो आणि घर शेवटी सासरेच फायनल करतात.

आता चावी.

भाड्याच्या धंद्यात चावी ज्याच्याकडे तो एजंट, बाकी सगळे बघे. मालक चावी देत नाही, कारण त्यानं तुमच्यासारख्या आठ जणांना ‘तुम्हालाच दिलंय’ असं सांगितलेलं असतं. एकच फ्लॅट आठ ग्रुपांवर आठ भाड्यांना फिरत असतो. एकाकडे पंचवीस हजार, एकाकडे सत्तावीस, एकाकडे पंचवीस पण मेंटेनन्स वेगळा. फोटो तेच, त्यातल्या गॅलरीत वाळत घातलेला टॉवेलही तोच. या फ्लॅटला म्हणायचं ‘एक्सक्लुझिव्ह’. होतकरू स्वतःही पहिल्या महिन्यात हे म्हणायला शिकतो. दुसऱ्या महिन्यात ‘अजून दोन पार्ट्या टोकन घेऊन बसल्यात’ म्हणायला शिकतो. कुठे बसल्यात हे कुणी विचारत नाही.

व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सकाळपासून तारा सुरू असतात. ‘अर्जंट रिक्वायरमेंट, टू बीएचके, वाकड, फॅमिली, बजेट २२, हिंजवडी वॉकेबल, डायरेक्ट ओनर ओन्ली, साइड बाय साइड.’ साइड बाय साइड म्हणजे पार्टी माझी, ओनर तुझा, आपापल्या बाजूचं ब्रोकरेज आपापलं. ‘डायरेक्ट ओनर’ म्हणून ज्याच्याशी बोलणं होतं तो ओनरचा एजंट असतो. त्याला ओनर ज्याच्याकडून कळला तोही एजंट असतो. अशी साखळी ओढत ओढत गेलात तर टोकाला वॉचमन सापडतो.

फोन करून धंदा आणायचा तर ‘डेटा’ लागतो. डेटा म्हणजे एक्सेलची फाइल, जी कुणीतरी कुणाकडून तरी घेतलेली असते आणि कुठून हे विचारायचं नसतं. त्या यादीतल्या माणसानं सहा वर्षांपूर्वी एकदा पोर्टलवर रावेतमधलं घर बघितलेलं असतं. आता तो त्याच रावेतमध्ये दोन मुलांसह राहतो, हप्ते भरतो आणि रोज त्याला अकरा जण विचारतात, ‘सर, रावेतमध्ये इंटरेस्टेड आहात का?’ तो चिडून १९०९ वर तक्रार करतो. घरच्या सिमवरून धंद्याचे फोन केले म्हणून लाइन बंद होऊ शकते, हे होतकरूला कुणी सांगितलेलं नसतं. नंबर गेला म्हणजे कार्डं गेली, म्हणजे दुबईची इमारत पुन्हा छापायची.

घर दाखवणं हा प्रकार दिसतो तसा नाही. पार्टी गाडीत, एसी लावून. होतकरू पुढे बाइकवर, पाऊस असेल तर रेनकोटात, हात हलवून ‘इकडे, इकडे’. पुनावळ्याच्या नव्या इमारती सुंदर असतात, फक्त तिथवर पोचणारा रस्ता अजून मंजुरीच्या अवस्थेत असतो. जाहिरातीत लिहिलंय ‘आयटी पार्कपासून दहा मिनिटं’. ही दहा मिनिटं पहाटे साडेपाचची आहेत, तेही हेलिकॉप्टरनं. मेट्रोचा खांब उभा राहिला त्या दिवशी भाव वाढले, खांबावर तुळई आली तेव्हा पुन्हा वाढले. मेट्रोचं काम हळू चालतं म्हणून लोक कुरकुरतात, पण बिल्डरांना इतका फायदा चालत्या मेट्रोनं कधी दिला नसता.

पहिल्यांदा नवरा येऊन बघतो. त्याला आवडतं. मग बायको येते, तिला किचन आवडत नाही. मग दोघं आई-वडिलांना आणतात, त्यांना लिफ्ट आवडत नाही. मग वास्तुवाले येतात, त्यांना ईशान्येचं टॉयलेट आवडत नाही. शेवटी एक मामा येतात. मामा ‘सिव्हिलमध्ये’ होते. कुठे, कधी, कशात, हे स्पष्ट नसतं. ते भिंतीवर बोटाच्या मागच्या बाजूनं टकटक करतात, छताकडे बघतात आणि ‘हं’ म्हणतात. त्या ‘हं’नं होतकरूचा महिना बुडतो. मग पितृपक्ष लागतो आणि पंधरा दिवस भाड्याच्या घरालाही कुणी हात लावत नाही. दसऱ्याला बघू. दसऱ्याला बुकिंग होतं खरं, मामांच्या ओळखीच्या बिल्डरकडे.

भाड्याच्या घरात वेगळी गंमत. मालक न्यू जर्सीत. त्याला फोन करायचा तो संध्याकाळी, म्हणजे तिथली सकाळ. मालक प्रेमळ आहे, मराठी जपणारा आहे, गणपतीच्या मंडळात आहे. अटी फक्त चार: फॅमिली हवी, नोकरी आयटीतली हवी, व्हेज हवी आणि खिळे मारायचे नाहीत. ज्या होतकरूच्या स्वतःच्या घरी रविवारी सकाळपासून मटणाचं वाटण वाटलं जातं, त्यालाच समोरच्या जोडप्याला विचारावं लागतं, ‘नॉनव्हेज नाही ना खात?’ ते जोडपं कोल्हापूरचं असतं. तिघंही जमिनीकडे बघतात.

बॅचलर पोरांना घर मिळवून देणं हा तर समाजसेवेचाच प्रकार. सोसायटीचा ठराव असतो. ठराव करणारे काका तारुण्यात सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहिलेले असतात आणि त्या दिवसांच्या आठवणी ते दिवाळी स्नेहमेळाव्यात सांगतात.

सगळं जुळतं, टोकन होतं. मग ब्रोकरेजची वेळ येते. आणि इथे होतकरूला या धंद्याचं खरं स्वरूप कळतं. आतापर्यंतचं सगळं काम फुकट असतं. पैसे मिळतात ते शेवटच्या तासाचे, आणि नेमका त्याच तासात सगळ्यांना वाटायला लागतं की याची गरज काय होती? ‘एक महिन्याचं भाडं? कशाचं? तुम्ही फक्त दार उघडलंत.’ मालक म्हणतो भाडेकरूकडून घ्या, भाडेकरू म्हणतो मालकाकडून घ्या. दोघंही आपापल्या कंपनीत ‘प्रोसेस’ या विषयावर पगार घेतात. डॉक्टरला कुणी म्हणत नाही, तुम्ही फक्त जीभ बघितलीत. पण डॉक्टर आधी फी घेतो, हा फरक आहे आणि तो छोटा नाही. जुना मुरलेला एजंट विसाराच्या दिवशी, सगळे हसत असताना, पेढा तोंडात असतानाच आपले पैसे मागतो. होतकरूला लाज वाटते. ‘नंतर द्या ना, घाई नाही.’ हे वाक्य त्यानं उच्चारलं की समजावं, या महिन्यातही झेरॉक्सवाल्याचं भाडं थकणार.

भाड्यात दम नाही म्हणून तो नव्या प्रकल्पांकडे वळतो. आता तो एजंट नाही, सीपी आहे, चॅनल पार्टनर. बिल्डरच्या ऑफिसात एक सोर्सिंग मॅनेजर असतो, वय पंचवीस, सगळ्यांना ‘बॉस’ म्हणतो. सीपी मीटला बोलावतो. हॉटेल मोठं, स्टार्टर गरम, स्टेजवर एलईडी आणि घोषणा: तीन बुकिंगला सोन्याचं नाणं, दहाला थायलंड. स्लॅब अशी की जितकं विकाल तितका टक्का वर. होतकरू पनीर टिक्का खात मनात पासपोर्ट काढतो. फोटो दहा मिनिटांत मिळतो हे त्याला माहीत आहे.

मग एका रविवारी तो पार्टी नेतो. जोडपं चांगलं आहे, कर्ज मंजूर आहे, सॅम्पल फ्लॅट बघून बाई सोफ्यावर बसते. बाई सोफ्यावर बसली म्हणजे काम झालं, असं जुने लोक सांगतात. सोर्सिंग मॅनेजर मोबाइल नंबर घेतो, सिस्टीममध्ये टाकतो, भुवई उंचावतो.

‘बॉस, पार्टी डायरेक्ट आलीये.’

म्हणजे झालं असं, की या बाईंनी दोन महिन्यांपूर्वी रात्री इन्स्टाग्रामवर त्याच प्रकल्पाची जाहिरात बघून नाव-नंबर भरला होता. त्या क्षणी ती पार्टी बिल्डरची झाली. याला टॅगिंग म्हणतात. ज्यानं आधी नोंदवली त्याची पार्टी, ठरावीक दिवसांसाठी. तुम्ही तिला उन्हातून फिरवलंत, सासूबाईंना लिंबू सरबत पाजलंत, मामांची टकटक सहन केलीत, हे सिस्टीममध्ये भरायला रकाना नाही. कधी ती दुसऱ्या सीपीच्या नावावर निघते. त्यानं ती कधी पाहिलेलीही नसते, तो फक्त एक्सेलची अख्खी फाइल दर महिन्याला टॅग करत बसतो. यावर उपाय एकच, साइटवर जायच्या आधी पार्टीचा नंबर पाठवायचा, लेखी होकार घ्यायचा आणि स्क्रीनशॉट जपायचा. होतकरू हे शिकतो, पण एक पार्टी गेल्यावर. या धंद्यातलं सगळं शिक्षण एक पार्टी गेल्यावर मिळतं.

समजा, टॅगिंग त्याच्याच नावावर निघालं. समजा, बुकिंगही झालं. मेहुण्याला फोन करायची ही वेळ नव्हे. कारण आता पार्टीच विचारते, ‘तुम्हाला बिल्डर दोन टक्के देतो ना? त्यातले आम्हाला किती?’ याला पासबॅक म्हणतात आणि तो मागताना ऐंशी लाखांचं घर घेणाऱ्या माणसाचा आवाज मंडईत कोथिंबिरीची जुडी घेतानाच्या आवाजासारखा होतो. नाही म्हटलं तर शेजारचा सीपी दीड टक्का सोडायला तयार आहे. मग होतकरू एक सोडतो. राहिले ऐंशी हजार.

तेही आत्ता नाहीत. ब्रोकरेज देय होतं करारनामा नोंदला गेल्यावर आणि पार्टीकडून ठरलेली रक्कम जमा झाल्यावर. रेरा म्हणतो, नोंदणीकृत कराराशिवाय बिल्डरनं दहा टक्क्यांहून जास्त घेऊ नयेत. पार्टी म्हणते, मुहूर्त नाही. बँक म्हणते, सासऱ्यांची सही राहिली. मग पार्टीनं बुकिंग रद्द केलं तर आलेले पैसेही परत. या सगळ्यातून तरून बिल लावायचा दिवस आला की अकाउंट्सवाले जीएसटी नंबर मागतात. कायद्यानं वर्षाला वीस लाखांपर्यंतच्या सेवेला तो लागत नाही. पण बऱ्याच बिल्डरांकडे त्याशिवाय बिलच पुढे सरकत नाही. बिल पूर्ण दोन टक्क्यांचं, १ लाख ६० हजारांचं. त्यावर अठरा टक्के जीएसटी, २८ हजार ८००. हा कर सरकारला भरायचा बिल फाडल्याच्या पुढच्या महिन्यात, बिल्डरचे पैसे आलेत की नाहीत हे सरकार विचारत नाही. बिल्डर पैसे देतो ‘पुढच्या शुक्रवारी’. कुठल्या, हे विचारणं व्यवसायाच्या सभ्यतेत बसत नाही. देतो तेव्हा दोन टक्के टीडीएस कापून देतो. तो मिळतो विवरणपत्र भरल्यावर. म्हणजे होतकरू घर विकून आधी सरकारला उधार देतो, मग बिल्डरला उधार देतो, पार्टीला रोख देतो आणि स्वतः मेहुण्याकडून उसने घेतो.

जुन्यांना हे सगळं माहीत असतं, म्हणून ते आधी कच्चं बिल पाठवतात आणि चेक तयार आहे कळल्यावरच पक्कं करतात. हे वीस तासांच्या प्रशिक्षणात एका ओळीतही सांगितलं असतं तरी पुरलं असतं.

रिसेलमध्ये जाऊ म्हणावं, तर तिथे कागद. भोगवटा प्रमाणपत्र आहे का, इंडेक्स टू कुणाच्या नावावर, शेअर सर्टिफिकेट कुठे, बँकेकडे गहाण असेल तर मूळ करारनामा सुटणार कधी, सोसायटीचं हस्तांतरण शुल्क किती मागतायत. सरकारनं कमाल पंचवीस हजार ठरवलंय, तरी ‘ऐच्छिक देणगी’ नावाची एक ऐच्छिक नसलेली गोष्ट असते. आणि प्लॉटमध्ये जायचं तर सातबारा वाचता यायला हवा. तो वाचता येत नसेल तर निदान इतर हक्कांचा रकाना तरी बघावा. ‘एनए होणार आहे’, ‘रस्ता येणार आहे’, ‘स्वतंत्र सातबारा होऊन जाईल’ असं भविष्यकाळात लिहिलेलं काहीही विकू नये. तुकडेबंदी कायदा १९४७ चा आहे, एजंटांच्या कित्येक पिढ्या त्यावर टेकून बसल्या आणि घसरल्या. पहिल्या वर्षात प्लॉट विकून बुडलेला होतकरू मग गावाला जाऊ शकत नाही, कारण प्लॉट त्यानं गावातल्या माणसांनाच विकलेले असतात. पहिलं गिऱ्हाईक नेहमी नात्यातलं असतं, हेच या धंद्याचं भांडवल आणि हीच जोखीम.

दरम्यान घरी स्थळं बघणं चालू असतं. ‘मुलगा काय करतो?’ ‘रिअल इस्टेटमध्ये आहे.’ मुलीकडचे खूश, त्यांना वाटतं बिल्डर आहे. भेटल्यावर कळतं. पण ते जाता जाता विचारतात, ‘मोशीला एखादा वन बीएचके असेल तर बघा हो.’ लग्न जमत नाही, लीड मिळते.

तर मग टिकतो कोण? माझ्या पाहण्यात जे दहा वर्षांनंतरही आहेत ते थायलंडवाले नाहीत. ते चार इमारतींना चिकटलेले लोक आहेत. त्यांना त्या इमारतींतलं कुठल्या विंगला पाणी कमी येतं, कुठल्या मजल्यावरचा कुत्रा चावतो, कुठल्या मालकाला चेक नको असतो, सगळं ठाऊक असतं. वॉचमनशी त्यांचं भांडण नसतं, वाटणी असते. आणि भाडेकरार ते स्वतः करून देतात, बायोमेट्रिकचं यंत्र आणि लॅपटॉप घेऊन घरी येतात, मालकाचा अंगठा, भाडेकरूचा अंगठा, दोन साक्षीदार, पोलिसांना भाडेकरूची माहिती, सगळं एका बैठकीत. मालक म्हणतो, ‘नोटरी करून टाका ना, स्वस्त पडतं.’ लिव्ह अँड लायसन्सची नोंदणी १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्यानं सक्तीची आहे, जबाबदारी मालकाची आहे आणि न केल्यास पाच हजारांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद आहे, हे ते शांतपणे सांगतात. मुद्रांक शुल्क आहे भाडं आणि डिपॉझिटवरचं मानीव व्याज धरून पाव टक्का, शहरात नोंदणी फी हजार रुपये. तीन महिन्यांच्या कैदेपुढे मालकाला हे परवडतं. अकरा महिन्यांनी करार संपतो, पुन्हा अंगठे, पुन्हा हजार-दोन हजार. थायलंड नाही, पण किराणा निघतो.

आपला होतकरूही अखेर या वाटेला लागतो. यंत्र हप्त्यावर घेतो. एक करार करतो, दुसरा करतो. पहिल्या वर्षीच्या त्या कोल्हापूरच्या जोडप्याचाही करार त्यानंच केलेला असतो, वेगळ्या इमारतीत, अंडी चालणाऱ्या मालकाकडे. अकरा महिने झाले की त्यांचा फोन येतो. नूतनीकरणाचा असेल म्हणून हा उत्साहानं उचलतो.

‘भाऊ, आम्ही घर सोडतोय. मालक पेंटिंगचे पैसे कापून घेतो म्हणतोय डिपॉझिटमधून. तुम्ही जरा बोला ना त्यांच्याशी.’

‘बोलतो. आणि नवीन घर बघताय का? माझ्याकडे…’

‘नाही नाही, ते मिळालं. वॉचमननं दिलं बघून. डिपॉझिटचं तेवढं बघा, तुम्हाला ब्रोकरेज दिलं होतं ना आम्ही.’